पोराने पत्ता बरोबर दिला होता

दारव्ह्याच्या बाजूला एका कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. चोवीस मशीन आणि सगळ्यांची मिळून एक सामायिक डिस्क. सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, एखादं सॉफ्टवेअर बांधायचं म्हटलं की जो तो वेगळ्याच जागी इन्स्टॉल करायचा. म्हणून मी कॉन्फिग डॉट साइट लिहिली. ऑटोकॉन्फ या साधनाने बनवलेली, बांधण्याआधीची तयारी करणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट सुरुवातीलाच ही फाइल वाचते, नेहमीचे पर्याय दरवेळी टाइप करावे लागत नाहीत. सगळ्या मशीनवर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता घातला आणि आत प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायच्या जागेचा पत्ता, थेट सामायिक डिस्कवरचा दिला.

पोळ्याची सुट्टी संपली, त्या सकाळी एम.एस्सी.च्या पोरांचे प्रोग्रॅम लिंकच होईनात, म्हणजे लायब्ररीशी जोडलेच जाईनात. द्विमितीय स्प्लाइनचं फंक्शन सापडत नाही, असा एरर. कालपर्यंत बांधून ठेवलेले प्रोग्रॅम मात्र छान चालत होते, म्हणून मी आणखीच चक्रावलो. ते फंक्शन जीएसएल या गणिती लायब्ररीत 2.0 आवृत्तीपासून आहे. डिस्कवर पाहिलं, तर खऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लायब्ररीची लिंक जुन्या 1.16 कडे वळलेली! नवी फाइल शेजारीच होती. जुने प्रोग्रॅम थेट तिलाच धरून होते.

आदल्या रात्री 1.16 कोणी बांधली ते लगेच कळलं. पोरगा रडवेला झाला.

"सर, म्या तं माह्या होमचाच पत्ता देल्ला होता."

होम म्हणजे त्याचं स्वतःचं फोल्डर. मी आधी विश्वास ठेवला नाही, याचं अजून वाईट वाटतं. मग त्याचा कॉन्फिग डॉट लॉग, म्हणजे कॉन्फिगरने ठेवलेली नोंद, उघडला. वरच्याच ओळींत त्याने दिलेली कमांड जशीच्या तशी होती: प्रीफिक्स, आणि पुढे त्याचं होम. साइट फाइल कमांडचे पर्याय वाचून झाल्यावर चालते. ती साधी शेल स्क्रिप्ट आहे, तिच्यातल्या ओळी आज्ञा म्हणून चालतात. मी लिहिलेल्या ओळीने त्याचा पत्ता पुसला होता आणि सामायिक डिस्कवर लिहायची परवानगीही मीच पोरांच्या ग्रुपला दिलेली.

कोणी प्रीफिक्स दिला नसेल तर कॉन्फिगर त्यात 'नन' (NONE) हा शब्द ठेवते. आधी तो तपासायचा, 'नन' असेल तरच आपला पत्ता घालायचा. मॅन्युअलमधलं उदाहरणही असंच आहे. मी तेवढाच तुकडा गाळला होता. ओळ बदलली, सामायिक जागी जीएसएलची नवी आवृत्ती पुन्हा बसवली.

मग त्याला शेजारी बसवून म्हटलं, "चाल, तुही कमांड आता पुन्हा दे."

या वेळी 1.16 त्याच्या होममध्येच उतरली.