बटन

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीत एका रात्रीत सहा गाड्यांच्या काचा फुटल्या, त्यात माझी पण एक. सकाळी सीसीटीव्ही बघितला तर कोयता घेऊन नाचणारा पोरगा ओळखीचाच निघाला, सतरा वर्षांचा, गणपतीत मंडळाचा ढोल वाजवतो तोच. काच फोडताना हात चांगलाच कापलाय, रक्त ठिबकतंय, आणि हा हसत हसत पुढच्या गाडीकडे.

बटन असणार, शेजारचे काका म्हणाले. संभाजीनगरात बटन म्हणजे काय हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगतो, झोपेच्या आणि टेन्शनच्या गोळ्या, अल्प्राझोलम, नायट्राझेपाम वगैरे. मालेगावात कुत्ता गोळी म्हणतात. दारूसोबत घेतल्या की भीती जाते आणि सकाळी काही आठवत नाही.

राग होताच, काचेचे साडेचार हजार गेले होते. पण पोलीस स्टेशनला गेलो तर हा बाकावर बसून आईला विचारतोय, "मी काय केलं गं?" आधी वाटलं नाटक करतोय. नव्हता करत.

आता ह्या गोळ्या शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, म्हणजे 2014 पासून मेडिकलवाल्याने वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या सगळं लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. माझ्या आईची झोपेची गोळी आणायला जातो तेव्हा चिठ्ठी दोनदा उलटसुलट करून बघतात, मग ह्या पोरांना स्ट्रीपच्या स्ट्रीपा कोण देतंय? बाल न्याय कायद्यात कलम 77 आहे, अल्पवयीनाला नशा पुरवणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा. पुण्याच्या पोर्शे प्रकरणात, मे 2024 मध्ये, सगळे गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन पोराला जामीन देताना लिहायला सांगितलेल्या त्या 300 शब्दांच्या निबंधावरच बोलत बसले (बोलण्यासारखंच होतं म्हणा), पण तिथे निदान दारू देणाऱ्या पबवाल्यांवर गुन्हा तरी दाखल झाला. आमच्याकडे कोयता जप्त, पोराला बाल न्याय मंडळापुढे नेलं, आणि गोळ्या कुठून आल्या विचारलं की साहेब म्हणतात बघतो.

परवा गणपती मंडळाच्या शेडमागे एक रिकामी स्ट्रीप सापडली. ज्यावरून माल कुठून आला ते शोधता येतं त्या बॅच नंबरचा तुकडा कात्रीने व्यवस्थित कापलेला, एकदम सरळ रेषेत. ज्याला स्वतःचा हात कापलेला कळत नाही तो पोरगा एवढं नीट कापेल? स्ट्रीप पाकिटात घालून ठेवलीये, सोमवारी परत जातो साहेबांकडे.