मिसडायरेक्टेड बाय जसपाल भट्टी

आपल्या मालिकेचं नाव आपणच ‘फ्लॉप शो’ ठेवायचं, म्हणजे टीकाकारांच्या पोटावर पाय आणण्यासारखंच. जसपाल भट्टींनी 1989 साली ते केलं, तेही थेट दूरदर्शनवर. नामावलीत दिग्दर्शकाची पाळी आली की पडद्यावर ‘मिसडायरेक्टेड बाय जसपाल भट्टी’ अशी अक्षरं यायची. भाग मोजून दहा. आजकाल दहा भागांत मालिकेतल्या सुनेचा गृहप्रवेशसुद्धा आटपत नाही.

पंचेचाळिशी ओलांडलेल्या कुणापुढेही हे नाव काढून बघा. आधी “कोण?” मग “हां हां, तो सरदारजी! उल्टा पुल्टा!” आणि तिथे गाडी थांबते. पुढे एक वाक्य आठवत नाही. मला याचं बरेच दिवस नवल वाटत होतं. टाळीच्या वाक्यांवर वाढलेली आपली मंडळी. नाटक बघून आलं की आठवडाभर घरात त्यातलेच संवाद. मग हा माणूस इतका आवडूनही त्याचं एकही वाक्य कुणाच्या तोंडी का राहिलं नाही? अलीकडे इंटरनेटवर त्याचे भाग पुन्हा बघायला बसलो तेव्हा उत्तर सापडलं. तोंडी राहावं असं वाक्य तो बोलतच नाही. साहेब, कंत्राटदार, डॉक्टर, गाईड अशा माणसांना तो एका खोलीत आणून बसवतो आणि ती रोज जशी वागतात तशी वागू देतो. घरी नेण्यासारखं त्यातून काही निघत नाही, कारण ते सगळं घरात आधीच असतं.

भट्टी मूळचे अमृतसरचे, जन्म 1955 चा. चंदीगडच्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून विजेचे, म्हणजे इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले. कॉलेजात असतानाच त्यांनी ‘नॉनसेन्स क्लब’ काढला आणि रस्त्यावर उभं राहून पथनाट्यं केली. पुढे ‘द ट्रिब्यून’ या वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढली. हा क्रम मला फार बोलका वाटतो. व्यंगचित्रकाराला एका चौकटीत काम उरकावं लागतं आणि इंजिनिअरला एक बटण दाबलं की पुढे काय काय पेटतं ते ठाऊक असतं. भट्टींचा विनोद या दोन्हींच्या हिशेबाने चालतो. एक छोटासा गैरव्यवहार घ्यायचा, तुमच्या-माझ्या मापाचा, आणि तो नियमाप्रमाणे शेवटपर्यंत जाऊ द्यायचा. मध्ये कुणी त्याला अडवत नाही, कारण अडवणाऱ्याचाही त्यात थोडा वाटा असतो.

पीएचडीचा भाग घ्या. विद्यार्थ्याला प्रबंधावर गाईडची सही हवी आहे आणि गाईडच्या घराला बिनपगारी गडी हवा आहे. एवढंच. विद्यार्थी घरकामात जितका तरबेज होत जातो तितकं त्याचं संशोधन पुढे सरकतं. भट्टी गाईडच्या खुर्चीत बसलेत आणि त्यांच्या चेहऱ्यावर लबाडीचा मागमूस नाही. हे लक्षात घेण्यासारखं आहे. आपल्याकडचा कुठलाही विनोदी नट ही भूमिका करताना प्रेक्षकांकडे बघून एक डोळा मिचकावेल, ‘बघा कसा बनवतोय’ असं सुचवेल. भट्टी तसं काही करत नाहीत. त्यांचा गाईड मनापासून मानतो की शिष्याने गुरूच्या घरी राबणं हीच परंपरा आहे. आवाज सपाट, डोळे थोडे झोपाळलेले, पगडी नीटनेटकी. रेशनच्या दुकानात पुढच्या माणसाशी साखर कधी येणार याबद्दल बोलावं, तसं ते सगळं बोलतात.

आमच्या शेजारी एक काका राहायचे, सरकारी नोकरीतले. तेव्हा त्यांच्याकडे रंगीत टीव्ही होता, त्यामुळे आम्हा पोरांचा मुक्काम तिथेच. खोट्या मेडिकल बिलांवरचा भाग लागला होता. पहिली पाचेक मिनिटं काका मांडीवर थापा मारून हसत होते. मग हसू पातळ झालं. मग ते उठून आतल्या खोलीत गेले. काकू मात्र तिथेच बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि एका क्षणी आतल्या खोलीकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, “अहो, तुमच्यावरच लागलंय!” टीव्हीखालच्या कपाटात केमिस्टच्या पावत्यांना टाचणी मारून ठेवलेलं खाकी पाकीट असायचं, ते आम्हा पोरांनाही माहीत होतं. त्या घरात वर्षभर कुणाला साधा ताप आलेला आम्ही पाहिला नव्हता.

बाकी भागांचे विषय नुसते वाचले तरी पुरे: बंद पडलेला फोन, जिच्यातून काहीच निष्पन्न होत नाही अशी मीटिंग, कंत्राटदार. फोनवाल्या भागाचं दुखणं आजच्या मुलांना कळायचं नाही. तेव्हा फोनसाठी नंबर लावून वर्षं काढायची, फोन आला की त्यावर विणलेला रुमाल घालायचा, आणि तो डेड झाला की लाइनमनची मनधरणी करायची. दिवाळीची पोस्त द्यायला विसरलात तर पाडव्यापर्यंत लाइन गेलीच म्हणून समजा. प्रत्येक भागाच्या शेवटी एखाद्या हिंदी गाण्याच्या चालीवर विडंबन असायचं आणि इतका वेळ एकमेकांना लुबाडणारी ही सगळी मंडळी ते मजेत गायची. मला ही गाणी फारशी आवडली नव्हती, आजही आवडत नाहीत. पण पोटात गेलेलं कडू त्यांच्यामुळे जरा उतरायचं, हे मान्य.

निर्मिती त्यांच्या पत्नी सविता भट्टी यांची आणि भागाभागांतून बायकोच्या भूमिकेतही त्याच. सोबत विवेक शौक. हा हरहुन्नरी नट पुढे मुंबईच्या सिनेमात आला, ‘गदर’मध्ये दिसला, आणि 2011 च्या जानेवारीत आपल्या ठाण्यात गेला. फ्लॉप शोमधली त्याची कामं बघताना वाटतं, भट्टी नुसते उभे राहू शकायचे ते याच्या धावपळीमुळे.

दूरदर्शनवर विनोद आधी नव्हता असं नाही. आपल्या मुंबई केंद्रावर याकूब सईद आणि बबन प्रभू यांचं ‘हास परिहास’ होतं. पण तो घरगुती, खुसखुशीत विनोद. हसून झालं की ताट वाढायला घ्यावं असा. भट्टींनी सरकारी वाहिनीवर बसून सरकारी खात्यांचे कपडे उतरवले आणि खात्याने ते प्रसारित केले. ‘उल्टा पुल्टा’ या त्यांच्याच कार्यक्रमाची दोन-चार मिनिटांची तुकडी तर बातम्यांच्या नि भाषणांच्या मध्ये कुठेतरी येऊन चिमटा काढून जायची. आज हे कुठल्या वाहिनीवर, कितव्या मिनिटापर्यंत चाललं असतं, याचा अंदाज ज्याने त्याने बांधावा.

आणि ते दिवस कोणते, तेही आठवावं. पंजाब पेटलेला होता. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज गोळीबाराची बातमी, दिल्लीतल्या 1984 च्या शीख हत्याकांडाला पाच वर्षंही पुरी झालेली नव्हती. उरलेल्या देशाला पगडी दिसायची ती एकतर त्या बातमीत नाहीतर बारा वाजल्याच्या पाचकळ चुटक्यात. अशा वेळी एक सरदारजी चंदीगडहून घराघरात यायचा आणि त्याच्या विनोदात त्याच्या पगडीचा काही संबंधच नसायचा. तो नोकरदार असायचा, नवरा असायचा, प्राध्यापक असायचा. आमच्या शेजारच्या काकांना त्याच्यात परका माणूस दिसला नाही, स्वतः काका दिसले. राष्ट्रीय एकात्मतेच्या म्हणून ज्या चकचकीत फिती तेव्हा दाखवायचे, त्यांच्यापेक्षा हे काम मला मोठं वाटतं. भट्टींना असं म्हटलेलं आवडलं नसतं. त्यांनी लगेच एकात्मतेचं एक महामंडळ काढून त्यावर मेव्हण्याला नेमला असता.

सॅटेलाइट वाहिन्या आल्या आणि ते मागे पडत गेले. ‘फुल टेन्शन’ ही मालिका आली, 1999 मध्ये पंजाब पोलिसांवरचा ‘माहौल ठीक है’ हा पंजाबी सिनेमा आला. हिंदी सिनेमावाल्यांनी मात्र त्यांना गमतीदार सरदारजी करून टाकलं. ‘फना’मध्ये त्यांचं नाव जॉली गुड सिंग. इतकी वर्षं जे टाळलं तेच अखेर गळ्यात पडलं. तेही त्यांनी त्याच सपाट चेहऱ्याने निभावलं. ‘नच बलिये’मध्ये सवितांबरोबर नाचले तेव्हाही चेहऱ्यावरची सुरकुती हलली नव्हती. पाय मात्र हलत होते, कधी कधी तालात. अधूनमधून चंदीगडात ते ‘सुटकेस पार्टी’, ‘रिसेशन पार्टी’ असले पक्ष काढायचे.

त्यांचा शेवटचा सिनेमा ‘पॉवर कट’, पंजाबातल्या लोडशेडिंगवरचा. विजेच्या इंजिनिअरला हा विषय सुचायला इतकी वर्षं का लागली कोण जाणे. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, 25 ऑक्टोबर 2012 च्या पहाटे, त्याच्याच प्रचाराच्या दौऱ्यात जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ त्यांची गाडी झाडावर आदळली आणि ते गेले. गाडी मुलगा चालवत होता, तो वाचला. पद्मभूषण नंतर तीन महिन्यांनी जाहीर झालं, म्हणजे फाईल सरकारी वेगाच्या मानाने बरीच लवकर हलली.

माझी भाची सध्या विद्यापीठात पीएचडी करतेय. गेल्या महिन्यात तिला मुद्दाम तो गाईडचा भाग दाखवला. मला वाटलं, हसून लोळेल. ती शेवटपर्यंत एखादा पेपर तपासावा तशी बघत बसली. मग म्हणाली, “मामा, हे जुनं झालं. आता सगळं घरपोच येतं, सरांना भाजी आणायला माणूस लागत नाही.”

“मग सुधारले म्हणायचे.”

“छे. आता पेपर आम्ही लिहायचा आणि पहिलं नाव त्यांचं. दुसरं त्यांच्या मिसेसचं.” आणि मग जरा थांबून, “ही लिंक मला पाठव. पण आमच्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर नको, सर आहेत त्यात.”