अकरा दिवस

कोल्हापूरच्या आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र हातात पडलं तेव्हा मी पुण्यात, दवाखान्यातल्या अंधाऱ्या खोलीत, एका मुलाच्या मनगटाचा एक्स-रे बघत होतो. शाळेविषयी चार शब्द लिहा, असं पत्रात होतं. शाळा म्हटलं की मला आधी सर दिसतात. कोणते सर, हे आपल्या शाळेत कुणाला सांगावं लागत नाही.

२००२ चा पावसाळा. मी आठवीत होतो. शालेय फुटबॉल स्पर्धांना आपल्या तीन टीम उतरायच्या: चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालची. जर्सीचा सेट मात्र एकच, सोळा नगांचा. चौदाची मॅच संपली की पोरं शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर जर्सी काढायची, पिळायची आणि सतराच्या पोरांच्या हातात द्यायची. त्यांच्यानंतर एकोणीस. एकोणीसला अकरा जण भरायचेच नाहीत, म्हणून सतरातले चार-पाच जण त्याच ओल्या जर्सीत पुन्हा उतरायचे. संध्याकाळी तो चिखलाचा गठ्ठा सायकलच्या कॅरिअरला बांधून सर घरी न्यायचे. काकू धुवायच्या. पावसात वाळायच्या नाहीत, मग स्वयंपाकघरात चुलीच्या वर दोरी बांधलेली असायची. आमच्या जर्सीला साबणापेक्षा धुराचाच वास जास्त.

चौदाच्या टीममध्ये डाव्या कडेनं पळणारा, म्हणजे लेफ्ट विंगला, मीच, हे जूनपासून ठरलेलं होतं. गांधी मैदानात तळं साचलं की प्रॅक्टिस शाळेच्या ग्राउंडवर, सकाळी सहाला. रविवारी सर गंगावेशीत न्यायचे आणि समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध स्वतःच्या खिशातून पाजायचे.

मग फॉर्म भरायची वेळ आली. चौदाच्या गटाला जन्म १ जानेवारी १९८९ किंवा त्यानंतरचा लागत होता. माझा २१ डिसेंबर १९८८ चा. अकरा दिवसांनी मी बाहेर.

संध्याकाळी वडील मला घेऊन सरांच्या घरी गेले. माझं रडणं त्यांना बघवत नव्हतं. ते म्हणाले, “सर, आठाचा नऊ करायचाय नुसता. बाकीचे करत्यातच की.” सर जर्सी दोरीवर टाकत होते. हातातली तशीच धरून म्हणाले, “करतो. पण उद्यापास्नं ह्येचा वाढदिवस कुठल्या तारखेला करायचा, ते तेवढं तुम्ही त्येला सांगा.” वडील काहीच बोलले नाहीत. काकूंनी चहा दिला. सरांनी माझं नाव सतराच्या यादीत शेवटी, सोळाव्या नंबरावर लिहिलं.

सोळा नंबरची जर्सी माझ्या गुडघ्यापर्यंत यायची. त्या सीझनला आपल्या चौदाच्या पोरांनी मनपास्तराची फायनल टायब्रेकरवर मारली. मी पायऱ्यांवर बसून ओरडत होतो आणि आतून तुटत होतो. सतराची टीम सेमीफायनलला दोन गोलनी मागे होती तेव्हा, शेवटची सात-आठ मिनिटं राहिली असताना, सरांनी मला आत सोडलं. माझ्यासमोरच्या बॅकला मिशा होत्या. मला एकच बॉल मिळाला. लाइनलगत पळालो, डाव्या पायानं गोलसमोर क्रॉस टाकला, तो त्यांच्या गोलकीपरनं सहज घेतला. मॅच गेली.

परतताना सर सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होते. बिंदू चौकापर्यंत गप्प. मग म्हणाले, “क्रॉस बरोबर हुता. पोचायला आपलं कोण नव्हतं.” एवढंच. एमबीबीएसला आणि पुढं एमडीला अपयश आलं तेव्हा हेच वाक्य मी मनात कितीदा म्हटलं असेल.

आज मी रेडिओलॉजिस्ट आहे. मनगटाजवळ हाडाच्या टोकाला वाढीची चकती असते. वय वाढेल तशी ती हाडात मिसळत जाते. फिफानं २००९ पासून सतरा वर्षांखालच्या विश्वचषकासाठी मनगटाचा एमआरआय सुरू केला तो याच आधारावर. माझ्याकडेही वयाच्या तपासणीसाठी खेळाडू पोरं येतात. पालक बाहेर हळूच विचारतात, “डॉक्टर, थोडं इकडंतिकडं?” मला सरांची ती दोरी आठवते आणि जे दिसतं तेच मी लिहितो.

२०१७ मध्ये भारत सतराच्या विश्वचषकात पहिल्यांदा खेळला आणि त्या टीममध्ये आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेविरुद्धची पहिली मॅच संपल्यावर मी सरांना फोन लावला. आपण ०-३ हरलो होतो, तरी सरांचा आवाज भरून आला होता.

मागच्या दिवाळीत शाळेत डोकावलो. अर्ध्या ग्राउंडवर नवी इमारत उभी आहे, उरलेल्यात गाड्या लागतात. लेफ्ट विंगची ती लाइन जिथं होती तिथं आता पेव्हर ब्लॉक आहेत. इमारत हवीच, पण मला तिथं फार वेळ थांबवलं नाही. चौदाच्या पोरांसाठी जर्सीचे दोन सेट मी पाठवतोय. पोरं कुठं प्रॅक्टिस करतील ते मात्र संस्थेनं बघावं, ही हात जोडून विनंती.

समारंभाला सरांना आणायला गाडी पाठवणार असल्याचं समजलं. पाठवू नका. मी आदल्या रात्रीच येतोय. सरांना आणि काकूंना घरून मी घेऊन येईन.