शेजारच्या दोन पेशी

उंदराच्या मेंदूचा काप ऑक्सिजन सोडलेल्या द्रावात काही तासच तग धरतो, त्यामुळे काप चांगला निघाला की मी रिगवरून, म्हणजे पेशींचे विद्युत संकेत टिपायच्या यंत्रणेवरून, उठत नाही. त्या दिवशी तो फारच चांगला निघाला होता.

आमचा भाग कॉक्लियर न्यूक्लियस. कानातून निघालेली श्रवणचेता मेंदूत पहिल्यांदा पोचते ती इथे. तिचा एकेक तंतू फांद्या फोडून अनेक पेशींना तोच निरोप देतो, आणि प्रत्येक जातीची पेशी त्यातून वेगळं काही उचलते. कर्स्टन ओसेन यांनी 1969 मध्ये मांजराच्या मेंदूत या जाती आकारावरून ओळखल्या. पण जिवंत कापात आकार पुरता दिसतो कुठे? बऱ्याच पेशी नुसत्या गोल दिसतात.

तशाच दोन पेशी एकमेकींना खेटून होत्या. पहिलीवर पिपेट, म्हणजे काचेची बारीक नळी, टेकवलं, पेशीचं आवरण टोकाला घट्ट चिकटवून सील धरलं, करंट दिला. करंट चालू असेपर्यंत ती सारख्या अंतराने स्पाइक, म्हणजे विजेचे छोटे ठोके, देत राहिली. दुसरीला तेवढाच करंट दिला. सुरुवातीला एक स्पाइक, आणि गप्प. वाढवून पाहिला, तरी एकच! मी एकटीच खोलीत मोठ्याने 'बुशी' म्हणाले.

बुशी ही त्या जातींपैकीच एक. तिच्यातल्या काही पोटॅशियम वाहिन्या झटकन उघडतात आणि पुढचे स्पाइक दाबतात. आवाज नेमका केव्हा आला ते ती सांगते; दोन कानांमधला मायक्रोसेकंदांचा फरक पुढे हिच्याच भरवशावर मोजला जातो. पहिली पेशी टी-स्टेलेट या जातीची. आवाजाची पातळी किती, ते ती कळवत राहते.

मग कोणती जनुकं चालू आहेत ते आरएनएवरून वाचण्यासाठी दोघींची केंद्रकं हलक्या ओढीने पिपेटात घेतली. इथे हात जरा हलला तर आरएनए गेलाच. रेकॉर्डिंग करतानाच आत सोडलेलं बायोसायटिन, म्हणजे पेशीचा आकार दाखवणारं खूणद्रव्य, नंतर रंगवलं, तेव्हा कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाखाली पहिलीच्या फांद्या चहूकडे पसरलेल्या दिसल्या, दुसरीला एक आखूड खोड आणि टोकाला झुडपासारखा गुंता. जनुकांच्या नोंदीतही दोघी वेगळ्या गटांत पडल्या.

हजारो केंद्रकांतला आरएनए एकदम सीक्वेन्स करून, म्हणजे वाचून, केलेले पेशींच्या गटांचे नकाशे हवेतच. मीही ते रोज वापरते. पण त्यातला गट बोलतो कसा, हे अशी एकेक पेशी ऐकल्याशिवाय कळत नाही, म्हणून मला हे संथ काम सोडवत नाही.

2018 मध्ये उंदराच्या श्रवणचेतेतल्या टाइप 1, म्हणजे मुख्य, पेशींचेही आरएनएवरून तीन गट निघाले. त्यातला कुठला गट बुशीला जास्त निरोप देतो आणि कुठला टी-स्टेलेटला, ते आता पाहायचं आहे.