डबीतला उतारा

उन्हामुळं बेळगावच्या खडेबाजारात गिऱ्हाईक विरळ असतं, अशा दुपारी गेमच्या दुकानात एक आवाज स्वच्छ ऐकू येतो. निळी डबी उघडतानाचा 'टक्'. हल्ली त्याच्यामागून एक वाक्यही येतं, "आत डिस्क नाही ओ, कोड आहे." डबी आहे, वर चित्र आहे, मागं बारीक अक्षरांत सूचना आहेत आणि आत गेम डाउनलोड करायच्या कोडचा बोटभर कागद. आहेराचं पाकीट जाड लागावं आणि आतून अकरा रुपये निघावेत, तसं.

डिस्क घ्यावी की डाउनलोड, हा वाद आपल्याकडं अजून 'बेळगाव की बेळगावी' इतक्याच जोमानं चालतो. डिस्कवाल्यांच्या बाजूचा असूनही मला एक कबूल करावं लागतं. पीएस ४, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ४ कन्सोलपासून डिस्कवरून गेम चालत नाही, तो आधी आतल्या ड्राइव्हवर उतरतो. मग डिस्क उरते ती किल्लीपुरती, मालक हजर आहे एवढं दाखवायला. पीएस ४ च्या डिस्कवर २५ किंवा ५० जीबी मावतात, पीएस ५ च्या डिस्कवर १०० पर्यंत. म्हणजे डिस्क घेतली की जागा वाचते, हा समज चुकीचा. वाचतं ते नेट.

आणि ते थोडंथोडकं नसतं. १०० जीबीचा गेम ४० एमबीपीएसच्या लाइनवर साडेपाच तास घेतो, तेही वेग कुठं न ढळता. टिळकवाडीत फायबर आहे, रात्री रेस्ट मोडवर, म्हणजे कन्सोल झोपवून डाउनलोड चालू ठेवून, झोपलं की सकाळी तयार. पण खानापूरच्या आतल्या गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचे दोन जीबी धरले तर पन्नास दिवस. तेवढ्यात पेरलेल्या भाताची दुसरी भांगलण होते. रेस्ट मोडमध्ये वीज गेली तर कन्सोल पुढच्या वेळी रुसून उठतो आणि ड्राइव्ह तपासत बसतो. म्हणून इन्व्हर्टरवर टीव्हीच्या आधी कन्सोल आणि राउटर घ्यावेत. घरचे काय म्हणतील ते म्हणोत.

डाउनलोडवाल्यांची एक चूक मात्र हमखास. पीएस ५ वर 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' हे बटण बंद राहिलेलं असतं. मग पावसात केबल तुटून नेट गेलं की पैसे मोजून घेतलेल्या गेमवर कुलूप दिसतं. ते बटण एका खात्याला एकाच कन्सोलवर चालू ठेवता येतं. भावाच्या घरी चालू केलंत, तर नेट गेल्यावर आपल्या घरी कुलूप.

जुनी डिस्क घेताना पोरं वरचं चित्र बघतात. बघायची ती खालची बाजू, तीही उजेडात तिरपी धरून. मधून कडेकडं जाणारा ओरखडा बहुतेक वेळा पचतो. गोल, खोबणीच्या दिशेनं गेलेला ओरखडा वाईट, कारण तिथं सलग माहिती जाते आणि चुका दुरुस्त करायची सोय अपुरी पडते. टूथपेस्टचा घरगुती उपाय सीडीच्या काळातला. सीडीत माहितीचा थर १.२ मिलिमीटर खोल, डीव्हीडीत ०.६, ब्लू-रेमध्ये जेमतेम ०.१. घासलंत की जे काही आहे तेच जाईल. पुसायचं मऊ कोरड्या कापडानं, मधून बाहेर. जुन्या बनियननं नाही. आणि 'रेड डेड रिडेम्प्शन २' पीएस ४ वर घेत असाल तर डबीत दोन डिस्क आहेत का मोजा. एक डेटाची, एक खेळायची. खेळायची एकटीच असेल तर ती शोभेची.

दुबईहून काका आणतात ती डिस्क इथल्या पीएस ४, पीएस ५ वर बिनतक्रार चालते. अडतं ते डीएलसीशी, म्हणजे गेमला नंतर नेटवरून जोडायच्या जादा भागांशी. डिस्क ज्या विभागाची, डीएलसीही त्याच विभागाच्या स्टोअरवरची लागते. हे काकांना विमानतळावर सांगून उपयोग नसतो.

त्याआधीची कॅसेट असल्या भानगडीत पडत नव्हती. पिवळी, जाड, वर '९९९९९९ इन १' लिहिलेली. प्रत्यक्षात पाचसहा गेम, नावं बदलून फिरवलेले. चालली नाही की फुंकर मारायची. मे महिन्यात गल्लीत कुणाकडंही टीव्हीसमोर पोरांची रांग बसलेली, आणि फुंकर मारायचा मान ज्याची कॅसेट त्याचा. खरं तर फुंकरीतला ओलावा धातूच्या पट्ट्या खराबच करायचा. काम व्हायचं ते कॅसेट काढून पुन्हा नीट बसल्यामुळं. पण हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलचं गेमकार्ड तर मुद्दाम कडू केलेलं असतं, पोरांनी तोंडात घालू नये म्हणून. २०२५ च्या स्विच २ ला अशीही कार्डं आली, ज्यांत गेमच नाही, नुसती किल्ली. गेम नेटवरून उतरवायचा, पण कार्ड खोचल्याशिवाय तो सुरू होत नाही. कडूपणा नेमका कशाला, कळत नाही.

आपल्याकडं जमिनीची भाषा सगळ्यांना कळते म्हणून सांगतो. डाउनलोड म्हणजे कुळानं कसलेलं शेत. पीक तुमचं, उतारा दुसऱ्याच्या नावावर. १९७४ च्या दुरुस्तीनं कर्नाटकात कसणाऱ्या कुळाला जमीन मिळाली. डाउनलोडच्या कुळासाठी कॅलिफोर्नियानं २०२५ पासून एवढंच केलं, की विकणाऱ्यानं हा परवाना आहे, मालकी नाही, हे आधी सांगावं. सांगितलं की झालं. बरं, डबीवाल्यांनीही फार ताठू नये. 'द क्रू' या नेटवरच चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यतीच्या गेमचे सर्व्हर २०२४ मध्ये बंद झाले आणि ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांचाही गेम त्याच दिवशी संपला. उतारा हातात, शेत धरणाखाली.

तरी एक फरक राहतो. कॉम्प्युटरचे गेम डाउनलोडनं विकणाऱ्या स्टीमचं खातं करारानुसार दुसऱ्याला देता येत नाही, मग मागं राहिलेल्या पोरालाही नाही. डिस्कला वारसा लावावा लागत नाही. जो कपाट उघडेल त्याची. फक्त खानापूरकडच्या पावसाळ्यात कव्हरच्या कागदाला बुरशी धरते, तेवढी सिलिका जेलची पुडी आत टाकून ठेवा, आणि डिस्क वाचणारा ड्राइव्ह वर्षातून दोनदा तरी फिरवत जा.