दोन कानांची बशी

आमचे आजोबा कपाने चहा प्यायचे नाहीत. बशीत ओतायचे, फुंकर मारायचे आणि बशी दोन्ही हातांनी उचलून सुर्रकन घोट घ्यायचे. तळाला एक गुलाबी फूल होतं. चहा संपत आला की आधी पाकळ्या दिसायच्या, मग देठ. म्युनिकच्या संग्रहालयात प्राचीन ग्रीक कुंभार-चितारी एक्झेकियसचा पेला पाहिला आणि मला आठवली ती बशीच.

याला किलिक्स म्हणतात. बशीसारखाच उथळ, जवळजवळ 30 सेंटिमीटर रुंद, खाली बुटका पाय आणि दोन बाजूंना दोन कान. उभ्याने प्यायला जाल तर निम्मी वाइन सदऱ्यावर. पण ग्रीकांची मैफल आडवी असायची. डावं कोपर उशीवर, पेला उजव्या हातात. वाइनमध्ये पाणी घातलेलं, त्यामुळे बैठक लांबायची. सरतेशेवटी एका कानात तर्जनी अडकवून तळाचा गाळ नेमक्या जागी भिरकवायचा, असा कोट्टाबोस नावाचा खेळही होता. फरशी पुसणाऱ्यांचं काय होत असेल!

एक्झेकियसने हा पेला घडवला इ.स.पू. 530च्या सुमारास. आतला सगळा भाग पोवळ्यासारखा तांबूस. त्यावर एक गलबत, गलबतात वाइनचा देव डायोनायसस रेललेला, डोलकाठीवर चढलेला द्राक्षवेल आणि भोवती सात डॉल्फिन. देवाला पळवून न्यायला निघालेल्या चाच्यांचेच हे डॉल्फिन झाले, अशी कथा आहे. पेला भरला की गलबत बुडालेलं. पिता पिता ते वर येणार आणि पिणाऱ्याला दिसणार आपल्यासारखाच आडवा पडलेला देव. बाहेर दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठाले डोळे आहेत. पेला तोंडाला लावला की समोरच्याला तुमच्या चेहऱ्याच्या जागी मुखवटा दिसतो; कानांचे कान होतात.

सगळेच चितारी इतके सभ्य नव्हते. जर्मनीतल्याच व्युर्त्सबुर्गला ब्रिगोस-चितारी म्हणून ओळखल्या जाणाऱ्याचा एक पेला आहे. त्याच्या तळाशी एक तरुण ओकतोय आणि एक मुलगी त्याचं डोकं धरून उभी आहे. शेवटचा घोट घेता घेता हे बघायचं! मला हा चितारी जास्त आवडतो.

अथेन्सच्या विहिरींतून अशा पेल्यांच्या खापऱ्याच जास्त निघतात. एक्झेकियसचा पेला मात्र समुद्रापार इटलीत, व्हुल्चीला मिळाला. तिथल्या एट्रुस्कन लोकांना ही भांडी इतकी प्रिय, की ती मेलेल्यांबरोबर थडग्यात ठेवायचे.

आजोबांची बशी कधी फुटली, आठवत नाही. हा पेला काचेआड आहे, कोरडा ठणठणीत, गलबत कायमचं वर आलेलं. अर्धा कप चहा ओतून ते बुडतं का बघावं, असं फार वाटलं. पण पहारेकरीण दोन पावलांवर उभी होती.