साडेचार किलोची ऊब

ब्लँकेट घ्यायला जाताना मुलांना बरोबर नेऊ नये, या मताचा मी आहे. आणि नेलं नाही, तर आणलेलं ती पांघरत नाहीत, हेही तितकंच खरं. मुलगा स्पायडरमॅनवरचा हात काढत नाही, मुलीला युनिकॉर्नच हवा असतो. आई कापडाचा कोपरा गालाला लावून बघते, बाबा घडी हातावर तोलतात. आजी एवढंच विचारते, “भिजल्यावर पिळणार कोण?” सगळ्यांत कामाचा प्रश्न तिचाच असतो, आणि त्याचं उत्तर कुणी देत नाही.

दुकानदार वजनावर बोलतो. “साडेचार किलो आहे साहेब, डबल प्लाय. पोरं सकाळपर्यंत हलणार नाहीत.” चेनच्या पारदर्शक पिशवीतलं मिंक ब्लँकेट काउंटरवर धपकन येऊन पडतं. मिंक नावाच्या प्राण्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो. धागा पॉलिस्टरचा नाहीतर अ‍ॅक्रिलिकचा आणि माल बऱ्याचदा पानिपतचा. पानिपताहून मराठी घरात ऊब यावी, ही इतिहासाने आपली केलेली थट्टाच म्हणायची. पिशवी मात्र अस्सल उपयोगाची. ब्लँकेट विटलं तरी तिच्यात स्वेटर राहतात.

पण वजन म्हणजे ऊब नव्हे. ब्लँकेट स्वतः गरम नसतंच. मुलाच्या अंगाची उष्णता ते अडवून धरतं, आणि अडवण्याचं काम धाग्यांमध्ये कोंडलेली हवा करते. म्हणून एका जाडजूड ब्लँकेटपेक्षा दोन पातळ पांघरुणं मला कधीही बरी वाटतात. दोन थरांच्या मधली हवा फुकट मिळते आणि रात्री उकडायला लागलं तर वरचं काढता येतं. साडेचार किलोतलं निम्मं कसं काढणार?

आणि मुलांना उकडतंच. आपण त्यांची थंडी आपल्या अंगावर मोजतो. झोपलेल्या मुलाचे तळवे चाचपायचे, ते गार लागले की आणखी एक पांघरूण टाकायचं, ही घरोघरची रीत. बालरोगतज्ज्ञ सांगतात की हातपाय गार असले म्हणून मूल गारठलंय असं नाही. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घामाने केस चिकटले असतील तर लाथ मारून ब्लँकेट खाली ढकलणारं मूलच शहाणं आणि ते पुन्हा गळ्यापर्यंत ओढणारे आपण वेडे. वर्षाच्या आतल्या बाळाच्या बिछान्यात तर सुटं पांघरूण ठेवूच नये, ते तोंडावर जाऊ शकतं. त्याला अंगभर कपडे घालून झोपवावं. हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवणं म्हणजे स्वतंत्र मोहीम, पण तिथे मागे हटू नये.

मोठ्या मुलांसाठी माझं मत गोधडीला. नव्या कापडाची नव्हे. जुन्या सुती लुगड्यांची, धोतरांची, धुऊन धुऊन खळ पार निघून गेलेली. थरावर थर अंथरायचे, कडा दुमडायच्या आणि बाहेरच्या कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचं. टाके सगळे सारखे नसतात. बोट फिरवलं की शिवणारीचा हात कुठे रेंगाळला, कुठे भरभर गेला, ते कळतं. मुलांचा सगळा रस ठिगळांत. हा निळा कुणाचा, ही फुलं कुठली, असं विचारत विचारत ती झोपतात. युनिकॉर्नला ही सोय नाही. सुती असल्यामुळे गोधडी घाम शोषते. धुवायला जड जाते, हे मान्य. आजीचा प्रश्न इथेही सुटत नाही. आता बचतगटांच्या प्रदर्शनात लहान मापाच्याही गोधड्या मिळतात, पण आतला थर हाताने दाबून बघावा. काही ठिकाणी वरून सुती आणि आत स्पंजचा पातळ तुकडा असतो.

सोलापुरी चादरीचंही तसंच, धुण्यागणिक ती मऊ होत जाते. जकार्डची, म्हणजे मागावरच विणलेली, नक्षी दोन्ही बाजूंना असल्याने उलटी-सुलटी यावरून भांडण नाही. घोंगडी मात्र मुलांना टोचते. दख्खनी मेंढीची लोकर मुळात राठ, त्यात चिंचोक्याची खळ. मेंढरांमागे पावसात उभ्या राहणाऱ्या धनगराला तिच्यासारखं दुसरं काही नाही, पण इयत्ता दुसरीतल्या कातडीला तिच्याखाली एक चादर हवीच.

कुठे राहता त्यावरही बरंच असतं. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा जाड रजईला पर्याय नाही. मुंबईत ब्लँकेटचा खरा हंगाम मे महिना. बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी वीसवर ठेवून मूल कानापर्यंत गुरफटलेलं. तो आकडा सव्वीसवर नेला तर चादरीत भागेल, हे सांगणारा बाप त्या घरात लोकप्रिय नसतो. नागपूरकडच्या कोरड्या थंडीत आणखी एक गंमत. दिवा घालवून पॉलिस्टरचं ब्लँकेट झटकलं की चटचट आवाज होतो आणि अंधारात बारीक निळसर ठिणग्या उडतात. मुलांच्या लेखी ब्लँकेटचे पैसे तिथेच वसूल. मग झोपण्याऐवजी झटकणंच चालू राहतं, आणि शेवटी आतल्या खोलीतून हाक येते.

माप घेताना लांबीकडे जरा जास्त बघावं. पायथ्याशी हातभर गादीखाली खोचता आलं तर निम्म्या लाथा फुकट जातात. घरात दोन मुलं असतील तर दोन्ही एकाच रंगाची, एकाच गठ्ठ्यातली घ्यावीत. तरीही पहिल्याच रात्री एकाचं दुसऱ्यापेक्षा मऊ निघतं. मग अदलाबदल होते, आणि अदलाबदल झाल्यावर ते पहिलंच मऊ होतं.